तालमीतील कुस्त्यांचे चित्रण आणि कोडेक पॅकचा प्रश्न

पत्राचा सारांश: कोल्हापुरातील नदीकाठच्या एका पेठेतील तालमीचे ज्येष्ठ कार्यकर्ते लिहितात की, तालमीच्या मल्लांनी खासबाग मैदानात आणि आसपासच्या गावांच्या यात्रांतील फडांत केलेल्या कुस्त्यांचे चित्रण त्यांनी अनेक वर्षे जपून ठेवले आहे. त्यातले सर्वांत जुने डीव्हीडीवर, मधल्या काळातले एव्हीआय फाइलींत आणि अलीकडचे मोबाइलवर घेतलेले आहे. संध्याकाळची मेहनत झाली की मुलांना संगणकावर एकेक डाव दाखवायचा, असा त्यांचा नेम आहे. मात्र विंडोज १० असलेल्या या संगणकावर काही चित्रणांचा नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, काही अडखळत चालतात, काहींत हलणाऱ्या मल्लांच्या कडा कातरल्यासारख्या दिसतात आणि गेल्या यात्रेतील एक फाइल तर उघडतच नाही. ज्यांच्याकडून संगणक घेतला ते दुकानदार सांगतात, ‘मोठ्यातला मोठा कोडेक पॅक टाका, सगळे चालेल.’ (कोडेक पॅक म्हणजे चित्रण उलगडून दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा एकत्र संच.) अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या सांगतो, ‘पॅक टाकला की विंडोज बिघडते, सगळे चित्रण एमपी४ मध्ये बदलून घ्या आणि जुन्या फाइली पुसून टाका.’ याच संगणकावर तालमीचा जमाखर्च आणि बँकेचे व्यवहारही होतात. दोघांपैकी कोणाचेही मन मोडवत नाही. अशा वेळी काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी एक विनंती. जुन्या फाइली पुसण्याचे काम पुतण्याने सुरू केले असेल, तर ते आज थांबवा. बाकीचे सगळे निर्णय सावकाश घेता येतील आणि चुकले तर दुरुस्तही करता येतील. पुसलेल्या मूळ चित्रणाचे तसे नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. पॅक टाकावा की टाकू नये, असे तुम्ही विचारले आहे, पण तुमच्या पत्रात एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या चार तक्रारी आहेत आणि त्या चारही तक्रारींचे मूळ एकच असावे, असे तुम्ही, दुकानदार आणि पुतण्या अशा तिघांनीही धरून चालले आहे. माझ्या मते त्यांतील केवळ एका तक्रारीचा, म्हणजे काळ्या पडद्याचा, कोडेकशी थेट संबंध आहे. उरलेल्या तीन तक्रारींवर जगातला कोणताही पॅक उपाय करू शकणार नाही. म्हणून पहिल्या तक्रारीपासून सुरुवात करू.

फाइलच्या नावापुढे एव्हीआय, एमपी४ किंवा एमकेव्ही असे जे लिहिलेले असते, त्यावरून चित्र आणि आवाज एकत्र बांधून ठेवण्याची पद्धत कळते. आतले चित्र कोणत्या रीतीने दाबून लहान केले आहे, हे त्यावरून कळत नाही. ती दाबण्याची आणि पुन्हा उलगडण्याची रीत म्हणजे कोडेक. डीव्हीडीवर एमपीईजी-२ असते, मधल्या काळातल्या एव्हीआय फाइलींत बहुधा डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड असते, मोबाइलच्या एमपी४ मध्ये बरीच वर्षे एच.२६४ असे आणि आता अनेक फोन एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी वापरतात. त्यामुळे नावापुढे एमपी४ असलेल्या दोन फाइलींपैकी एक व्यवस्थित चालते आणि दुसरीचा नुसता आवाज येतो, यात नवल नाही. आवाज उलगडणारा कोडेक संगणकाकडे असतो, चित्र उलगडणारा नसतो, एवढाच त्याचा अर्थ. तुमचे चित्रण खराब झालेले नाही, याबद्दल निश्चिंत असा.

दुकानदारांचा सल्ला कोठून आला, हेही समजून घ्यायला हवे, कारण एके काळी तो अगदी योग्य होता. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये डीव्हीडी उलगडण्याचीही अंगभूत सोय नव्हती. डिव्हएक्सची फाइल आली की एक कोडेक शोधा, तिचा आवाज येत नसेल तर दुसरा शोधा, अशी त्या वेळची परिस्थिती होती आणि हे सगळे एकत्र करून देणारा पॅक हा मोठाच आधार होता. २००९ च्या विंडोज ७ पासून एच.२६४ आणि डिव्हएक्स-एक्सव्हिड प्रकारचे चित्रण उलगडण्याची सोय विंडोजमध्येच आली, विंडोज १० मध्ये एमकेव्ही फाइलीही उघडू लागल्या आणि पॅकची गरज हळूहळू ओसरत गेली. ज्यांनी त्या काळात रोज पाच-पन्नास संगणक दुरुस्त केले, त्यांच्या तोंडी तोच उपाय अजून येतो, हे स्वाभाविक आहे.

पुतण्याची भीतीही निराधार नाही. विंडोजमध्ये डायरेक्टशो नावाची जुनी यंत्रणा आहे. तिच्यात प्रत्येक कोडेकला अग्रक्रमाचा एक आकडा दिलेला असतो आणि एखादी फाइल उलगडण्याचे काम ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे आधी जाते. पूर्वी लोक एकावर एक असे दोन-तीन पॅक टाकत. प्रत्येक पॅक आपल्या कोडेकचा आकडा वाढवून ठेवी, मग कोणती फाइल कोणाच्या हाती जाईल याचा नेम राहत नसे आणि काल चालणारे चित्रण आज बंद पडे. काढून टाकलेल्या पॅकचे अवशेष मागे राहिले तर गोंधळ आणखी वाढे. ‘विंडोज बिघडते’ असे म्हणतात ते बहुतेक वेळा यालाच. मात्र एकच पॅक, निर्मात्यांच्या संकेतस्थळावरून घेतलेला आणि नीट टाकलेला असेल, तर संगणक बिघडतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

या दोन्ही सल्ल्यांच्या मागे एक समान समजूत आहे. चित्रण दाखवणारा प्रोग्रॅम कोडेकसाठी नेहमी विंडोजकडेच हात पसरतो, अशी ती समजूत होय. प्रत्यक्षात असे अनेक प्लेयर आहेत की जे आपले सर्व कोडेक स्वतःजवळ बाळगतात आणि विंडोजमध्ये काय आहे किंवा नाही याची त्यांना फिकीर नसते. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे व्हीएलसी. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात १९९६ मध्ये विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो सुरू झाला आणि आजही विनामूल्य, जाहिरातींविना मिळतो. तुमच्या संग्रहात असू शकणारे चारही प्रकारचे चित्रण, म्हणजे डीव्हीडी, एव्हीआय, जुने एमपी४ आणि एचईव्हीसी, तो स्वतःच्या बळावर उलगडतो. तो काढून टाकला तर विंडोजच्या कोडेकांची मांडणी होती तशीच राहते. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, तिथे हा गुण फार मोलाचा आहे.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की, आधी व्हीएलसी घ्या, काळा पडदा येणारे चित्रण त्यात उघडा, आणि ते दिसले तर पॅकचा विचार तूर्त सोडून द्या.

त्याच वेळी एक गोष्ट शिकून घ्या, ती तुम्हाला पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडेल. चित्रण चालू असताना कंट्रोल आणि जे या कळा एकत्र दाबल्या की एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात चित्राच्या नोंदीखाली ‘कोडेक’ अशी ओळ असते. तिथे एच२६४ दिसले, तर ती फाइल बहुतेक कोणत्याही संगणकावर आणि दूरचित्रवाणी संचावर चालेल. एचईव्हीसी किंवा एच.२६५ दिसले, तर काळा पडदा का येत होता याचा उलगडा झाला. त्याच खिडकीत चित्राची लांबी-रुंदी आणि सेकंदाला किती चौकटी (फ्रेम) आहेत तेही दिसते. अडचण येणाऱ्या फाइलींची ही माहिती एका वहीत टिपून ठेवलीत, तर दुकानदार आणि पुतण्या यांच्याशी बोलताना प्रत्येकाच्या अंदाजाऐवजी समोर नोंद असेल. माझ्या अनुभवात अशा वादांतील निम्मे वाद ही एक ओळ वाचल्यावर मिटतात.

डाव शिकवण्यासाठी चित्रण दाखवता, म्हणून आणखी एक सांगतो. व्हीएलसीमध्ये चित्रण थांबवून इंग्रजी ई ही कळ दाबत गेलात, तर ते एकेक चौकट पुढे सरकते. ढाक मारताना मल्लाचा पाय नेमका कधी उचलला गेला आणि कंबर कधी वळली, हे मुलांना अशा रीतीने फार चांगले दाखवता येते. व्हीएलसीच्या सध्या प्रचलित असलेल्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र याच प्रकारे एकेक चौकट मागे जाता येत नाही. तशी गरज असेल तर मीडिया प्लेयर क्लासिक होम सिनेमा हा प्लेयर पाहा. त्यात कंट्रोलसह उजवा बाण दाबला की एक चौकट पुढे आणि डावा बाण दाबला की एक चौकट मागे जाता येते. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही आवश्यक कोडेक आतच असतात. तालमीच्या कामासाठी मला हा दुसरा प्लेयर अधिक सोयीचा वाटतो.

मग पॅक कधीच टाकू नये का? तसे नाही. फोल्डर उघडल्यावर प्रत्येक फाइलचे छोटे चित्र दिसावे, म्हणजे शेकडो फाइलींतून हवी ती कुस्ती पटकन सापडेल, असे वाटत असेल आणि काही फाइलींची ती चित्रे उमटत नसतील, तर पॅकचा खरा उपयोग होतो; व्हीएलसी टाकल्याने ती सोय मिळत नाही. तसेच जुन्या विंडोज मीडिया प्लेयरची सवय मोडवत नसेल, किंवा विंडोजच्याच कोडेकांवर अवलंबून असलेला एखादा जुना प्रोग्रॅम वापरावा लागत असेल, तर पॅक घेण्यास हरकत नाही. पण तेव्हाही ‘मोठ्यातला मोठा’ घेऊ नका. सर्वाधिक वापरला जाणारा के-लाइट घ्या म्हटले, तर त्याचे बेसिक, स्टँडर्ड, फुल आणि मेगा असे चार प्रकार आहेत. बेसिकमध्ये प्लेयर नसतो, स्टँडर्डमध्ये वर सांगितलेला मीडिया प्लेयर क्लासिक असतो आणि मेगामधली जादा सामग्री ही मुख्यतः जुन्या पद्धतीने चित्रण तयार करणाऱ्यांच्या कामाची असते. तुम्हाला स्टँडर्डच्या पुढे जाण्याचे काहीच कारण नाही. आधी कोणताही पॅक असेल तर तो काढा, विंडोजचा रिस्टोअर पॉइंट (गडबड झाल्यास संगणकाची आधीची मांडणी परत आणता येईल अशी नोंद) तयार करा आणि मगच नवा टाका. विंडोजच्या नव्या धाटणीच्या ‘मूव्हीज अँड टीव्ही’सारख्या प्रोग्रॅमना मात्र पॅकचा फायदा होत नाही, कारण ते डायरेक्टशोऐवजी मीडिया फाउंडेशन ही वेगळी यंत्रणा वापरतात, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये एचईव्हीसीची स्वतंत्र जोड मिळते, जिची मूळ किंमत ०.९९ डॉलर आहे. केवळ चित्रण पाहण्यासाठी ती विकत घेण्याची तुम्हाला गरज नाही.

ज्यांच्या संगणकावर पॅक आधीपासूनच आहे आणि सगळे सुरळीत चालू आहे, अशा वाचकांनी हे वाचून तो घाईने काढू नये.

धोका आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. चित्रण पाहताना एखादे संकेतस्थळ ‘कोडेक नाही, येथे दाबून उतरवून घ्या’ असे सांगू लागले, तर ती खिडकी तत्काळ बंद करा. कोडेकच्या नावाखाली घातक प्रोग्रॅम घुसवण्याची ही युक्ती जुनी आहे. झ्लॉब नावाचा असा प्रोग्रॅम २००५-०६ च्या सुमारास याच मार्गाने असंख्य संगणकांत शिरला होता. तालमीतील मुले तो संगणक हाताळत असतील तर त्यांनाही हे समजावून सांगा. व्हीएलसीही त्याच्या निर्मात्यांच्या, म्हणजे व्हिडिओलॅनच्या संकेतस्थळावरूनच घ्या. २०२२ मध्ये फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत ते संकेतस्थळ भारतात बंद करण्यात आले होते आणि त्या काळात ज्यांनी व्हीएलसी इतरत्र कोठून उतरवून घेतला असेल, त्यांनी तो काढून मूळ ठिकाणाहून पुन्हा घ्यावा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने देऊ केलेला सर्वसाधारण आधार, म्हणजे सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्यांचा पुरवठा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही बँकेच्या व्यवहारांच्या दृष्टीने लक्षात घ्या. कोडेकपेक्षा ही बाब अधिक गंभीर असून त्याबाबत दुकानदारांशी बोलावेच लागेल.

आता कातरल्यासारख्या दिसणाऱ्या कडांकडे येतो, कारण पुतण्याच्या सल्ल्याचा निकाल इथेच लागतो. आपल्याकडच्या जुन्या कॅमेऱ्यांत आणि डीव्हीडीत चित्र सेकंदाला २५ पूर्ण चौकटींत नोंदलेले असले, तरी प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते. एका अर्ध्यात विषम ओळी आणि दुसऱ्यात सम ओळी असतात आणि ही दोन अर्धी चित्रे वेगवेगळ्या क्षणी टिपलेली असतात. म्हणजे सेकंदाचे ५० क्षण त्यात नोंदलेले असतात. मल्ल एकमेकांना जोखत स्थिर उभे असतात तेव्हा चित्र स्वच्छ दिसते, पण कोणी धोबीपछाड मारली की दोन क्षणांमध्ये शरीर पुढे गेलेले असते आणि संगणकाने दोन्ही अर्धी एकत्र दाखवल्यामुळे कडांवर फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा उमटतात. हा दोष कोडेकचा नाही. व्हीएलसी बहुधा हे स्वतः ओळखून चित्र सुधारते. तसे झाले नाही तर इंग्रजी डी ही कळ दाबा आणि व्हिडिओच्या यादीतील डीइंटरलेस मोडमध्ये याडिफ २एक्स हा पर्याय निवडा. मग ५० च्या ५० क्षण वेगळे दिसू लागतील.

याच चित्रणाचे साध्या सेटिंगवर एमपी४ मध्ये रूपांतर केले, तर बहुधा सेकंदाला २५ च क्षण उरतात. लग्नाच्या चित्रफितीत हे कोणाच्या लक्षातही येणार नाही, परंतु एका झटक्यात लागणाऱ्या डावातले निम्मे क्षण गमावणे म्हणजे ज्यासाठी हे चित्रण जपले तेच हातचे घालवणे होय. त्याहून वाईट म्हणजे, चित्राचा आकार बदलताना त्या रेघा काढायच्या राहून गेल्या, तर त्या चित्रात कायमच्या पक्क्या होतात आणि नंतर कोणत्याही उपायाने नीट निघत नाहीत. शिवाय प्रत्येक रूपांतरात चित्र पुन्हा एकदा दाबले जाते आणि थोडा तपशील हरवतो. रूपांतर अजिबात करू नये असे मी म्हणत नाही. एखादी कुस्ती घरच्या दूरचित्रवाणी संचावर पेन ड्राइव्हने दाखवायची असेल, तर हँडब्रेकसारख्या विनामूल्य प्रोग्रॅमने तिची एच.२६४ मधील वेगळी प्रत जरूर काढा. पुतण्याची हौस आणि कौशल्य त्या कामी लावा. मूळ फाइल मात्र आहे तशी राहू द्या.

अडखळणारे चित्रण बहुधा नव्या फोनवरचे, फोर-के आकाराचे आणि एचईव्हीसी पद्धतीचे असेल. वहीतली नोंद ते सांगेलच. एचईव्हीसी उलगडण्याची सोय इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१५ च्या सहाव्या पिढीपासून नीट आली आणि त्याआधीच्या संगणकाला ते काम केवळ प्रोसेसरच्या ताकदीवर करावे लागते, जे त्याला झेपत नाही. इथे यापुढच्या चित्रणाची सोय करणे सर्वांत स्वस्त पडते. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की तो एच.२६४ मध्ये चित्रण करतो, आणि अनेक अँड्रॉइड फोनांतही अशीच निवड असते. फोर-के ऐवजी १०८० आकार ठेवून सेकंदाला ६० चौकटी घेतल्या, तर कुस्तीसाठी ते अधिक उपयुक्त ठरेल. आणि मुले व्हॉट्सॲपवरून चित्रण पाठवतात तेव्हा त्यांना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर वाटेत ते आणखी दाबले जाऊन धूसर होते.

यात्रेतली जी फाइल उघडतच नाही, तिच्याबाबत चित्रण करणाऱ्याला विचारा की, त्या वेळी बॅटरी संपली होती का किंवा कार्ड मध्येच काढले गेले होते का. एमपी४ फाइलमधील सर्व चित्रांचा अनुक्रम सांगणारा भाग कॅमेरा सहसा चित्रण संपल्यावर लिहितो. तो लिहायचाच राहिला तर आत चित्रण असूनही एकही प्लेयर ते शोधू शकत नाही. अशी फाइल दुरुस्त करणारे प्रोग्रॅम आहेत आणि त्यांना त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने घेतलेली एक चांगली फाइल नमुन्यादाखल द्यावी लागते. त्यामुळे ते कार्ड पुन्हा वापरात आणू नका आणि त्या दिवसाची दुसरी एखादी कुस्ती त्याच फोनवर आहे का, ते पाहा. फाइल पेन ड्राइव्हवरून आणताना अर्धवट राहिली असण्याचीही शक्यता आहे. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या, म्हणजे फॅट३२ असलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. मूळ फोनमधली फाइल पाहिल्याशिवाय आशा सोडू नका.

मन मोडण्याचा जो प्रश्न तुम्हाला सतावतो आहे, त्यावर एवढेच सुचवतो की, दोघांनाही एकाच संध्याकाळी तालमीत बोलवा आणि ती वही समोर ठेवा. दुकानदारांना संगणकाची पिढी, विंडोजचे पुढे काय करायचे आणि एक मोठी हार्ड डिस्क कोणती घ्यावी, हे विचारा. या गोष्टी त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगल्या कळतात. पुतण्याकडे फाइलींची नोंद आणि दूरचित्रवाणीसाठीच्या प्रतींचे काम सोपवा.

त्याच संध्याकाळी डीव्हीडींचे काम सुरू करा, कारण घरी बर्न केलेल्या डीव्हीडी काळाबरोबर वाचता येईनाशा होतात आणि तुमच्या संग्रहातला सर्वांत जुना भाग त्यांच्यावरच आहे. प्रत्येक डीव्हीडीतील व्हिडिओ_टीएस हा फोल्डर जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवा. आतल्या व्हीओबी फाइली एकेक जीबीच्या तुकड्यांत असतात, त्यांची नावे बदलू नका, फक्त बाहेरच्या फोल्डरला मैदान, वर्ष आणि मल्लांची नावे द्या. सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती तालमीत ठेवू नका. तुमची पेठ नदीकाठची आहे आणि २०१९ व २०२१ चे पूर तुम्ही पाहिले आहेत. ती डिस्क शहराच्या उंच भागात राहणाऱ्या एखाद्या विश्वासू सभासदाच्या घरी असू द्या.